निकेल मिश्रधातू सी-२७६: कुठे टिकतो, कुठे मार खातो आणि का

धातुकोश (धागाकर्ता)

आम्ल, क्लोराइड आणि तापमान एकत्र आलं की डेटाशीटवर डोळे मिटून ‘हॅस्टेलॉय सी’ लिहायची पद्धत पडली आहे. नुसतं तेवढं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. हॅस्टेलॉय हे हेन्स कंपनीचं व्यापारी नाव आहे. त्या एका नावाखाली सी-४, सी-२२, सी-२७६, सी-२०००, शिवाय बी आणि जी मालिका असं अख्खं कुटुंब येतं, आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे खरेदीच्या कागदावर यूएनएस क्रमांक (मिश्रधातूंची अमेरिकी क्रमांकपद्धत) हवाच. सी-२७६ चा क्रमांक एन१०२७६, जर्मन पद्धतीत २.४८१९. प्लेट-शीटला अमेरिकी एएसटीएम मानक बी५७५, सळईला बी५७४, सीमलेस पाइपला बी६२२, वेल्डेड पाइपला बी६१९, फिटिंगला बी३६६, फोर्जिंगला बी५६४.

घटक टक्क्यांत: क्रोमियम १४.५ ते १६.५, मोलिब्डेनम १५ ते १७, टंगस्टन ३ ते ४.५, लोखंड ४ ते ७, कोबाल्ट कमाल २.५, मँगनीज कमाल १, व्हॅनेडियम कमाल ०.३५, कार्बन कमाल ०.०१, सिलिकॉन कमाल ०.०८. उरलेलं, साधारण ५७ टक्के, निकेल.

यात प्रत्येकाचं काम वेगळं आहे. निकेलमुळे दोन गोष्टी साधतात. एक, क्लोराइडमध्ये ताणाखाली तडकण्याचा स्टेनलेसचा जुना रोग जवळपास संपतो. दोन, एवढं मोलिब्डेनम विरघळवून धरायची ताकद निकेलच्याच जाळीत आहे, स्टेनलेसच्या नाही. मोलिब्डेनम आणि टंगस्टन हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक यांसारख्या अपचायक (रिड्यूसिंग) आम्लांत तग धरायला आणि खड्डे पडू न द्यायला. क्रोमियम ऑक्सिडीकारक (इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या) माध्यमासाठी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्बन आणि सिलिकॉन अगदी नगण्य ठेवणं. १९३० च्या दशकातल्या मूळ अलॉय सी मध्ये कार्बन ०.०८ आणि सिलिकॉन १ टक्क्यापर्यंत असायचं. वेल्ड केलं की शेजारच्या पट्ट्यात कणसीमांवर कार्बाइड आणि म्यू फेज (मोलिब्डेनम ओढून घेणारं ठिसूळ संयुग) जमायची आणि तेवढाच पट्टा गंजून जायचा. त्यामुळे वेल्डनंतर अख्खं भांडं भट्टीत घालावं लागे. १९६० च्या दशकात सी-२७६ आला तो नेमकं हे टाळण्यासाठी.

हाताशी असावेत असे आकडे: घनता ८.८९ ग्रॅम/घसेमी (म्हणजे १ मी × १ मी × ६ मिमी प्लेट सुमारे ५३ किलो, नेहमीच्या ३१६एल स्टेनलेसची ४८), वितळण्याची कक्षा १३२५ ते १३७० °से., उष्णता वाहकता खोलीच्या तापमानाला जेमतेम १० वॅट/मी·के (साध्या पोलादाची ५० च्या आसपास), किमान ताणबल ६९० मेगापास्कल, किमान यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो) २८३, किमान लांबण ४० टक्के.

आता मुद्दा. हा धातू निवडताना पहिला प्रश्न ‘आम्ल किती टक्के’ हा नसून ‘माध्यम ऑक्सिडीकारक की अपचायक’ हा असावा, असं माझं मत. खालच्या चर्चेत त्यावर मारामारी झाली तरी हरकत नाही.

---

प्रश्नांकित

उत्तम धागा. एक सरळ प्रश्न. २० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, ६० अंश, सतत प्रवाह, आणि वरच्या टाकीतून थोडा गंजही वाहून येतो. सी-२७६ घ्यावा की बी-३? आणि ६२५ (आणखी एक निकेल मिश्रधातू) सहज मिळतो, तो का नको?

---

आम्लपर्णी

तिन्ही नकोत. पण का नकोत हे समजून घ्या.

६२५ मध्ये मोलिब्डेनम ८ ते १० टक्के, टंगस्टन नाहीच. शुद्ध हायड्रोक्लोरिकमध्ये तो सी-२७६ च्या आधीच हात टेकतो. सी-२७६ खोलीच्या तापमानाला या आम्लाच्या कुठल्याही तीव्रतेत चालतो, पण तापमान चढलं की झिजेचा आलेख झपाट्याने वर जातो. उकळत्या १० टक्के आम्लात त्याची झीज वर्षाला कित्येक मिलिमीटर होते. ६० अंशांना २० टक्के म्हणजे वर्षाला ०.१ मिमीची रेषा केव्हाच मागे पडलेली असते.

बी-३ (एन१०६७५) मध्ये मोलिब्डेनम २८ टक्क्यांच्या आसपास, क्रोमियम अगदी थोडं. उकळत्या १० टक्के आम्लातसुद्धा बी मालिकेची झीज वर्षाला ०.२ मिमीच्या आसपास राहते. मग तोच का नको? कारण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य. वाहून आलेला गंज आम्लात विरघळला की फेरिक आयन तयार होतात, आणि फेरिक हा ऑक्सिडीकारक. पुरेसं क्रोमियम नसल्यामुळे बी-३ कडे त्याच्यापुढे कवचच नाही. शंभर-दोनशे पीपीएम फेरिकनेही झीज कितीतरी पटींनी वाढते. विरघळलेला ऑक्सिजन, क्युप्रिक आयन, थोडंसं क्लोरीन यांचाही तोच परिणाम.

म्हणजे स्वच्छ आम्लाला बी-३ बरा आणि घाण आम्लाला सी-२७६ बरा, पण तुमच्याकडे घाणही आहे आणि उष्णताही. इथे पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराचा पाइप, काचेचं अस्तर असलेलं भांडं, उष्णता द्यायची असेल तर रेझिन भरलेल्या ग्रॅफाइटचा एक्स्चेंजर. धातूच हवा असेल तर टँटलम, पण फ्लोराइडचा अंशही नाही याची खात्री करून. आणि वरची पोलादी टाकी बदला, निम्मं दुखणं तिथेच आहे.

---

धातुकोश

आम्लपर्णी यांच्याशी सहमत. जोडीला एक सावधगिरी: बरेच जण पीआरईएन (खड्ड्यांना किती दाद देणार नाही याचा अंदाजी आकडा) काढून मिश्रधातूंची रांग लावतात. क्रोमियम + ३.३ × (मोलिब्डेनम + ०.५ × टंगस्टन) + १६ × नायट्रोजन या सूत्राने सी-२७६ चा आकडा ७४-७५ च्या घरात येतो, ६२५ चा ५१ च्या आसपास, ३१६एल चा २४-२५. हा आकडा क्लोराइडमुळे पडणाऱ्या खड्ड्यांपुरता आहे. गरम आम्लात सरसकट झीज किती होईल याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

---

दुसरी_बाजू

सी-२७६ चं कौतुक जरा जास्तच चाललंय. क्रोमियम फक्त १५-१६ टक्के. माध्यमात नायट्रिक, फेरिक, क्युप्रिक किंवा ओलं क्लोरीन असेल तर सी-२२ (एन०६०२२) सरस: क्रोमियम २० ते २२.५, मोलिब्डेनम १२.५ ते १४.५, टंगस्टन २.५ ते ३.५. उकळत्या फेरिक सल्फेट-सल्फ्युरिक चाचणीत, म्हणजे एएसटीएम जी२८ च्या पद्धत ए मध्ये, सी-२७६ ची झीज वर्षाला ६ मिमीच्या आसपास येते आणि सी-२२ ची १ मिमीच्या आसपास. सहापट फरक. वेल्डमध्येही सी-२२ ची बनावट जास्त स्थिर. मग सी-२७६ घ्यायचाच कशाला?

---

आम्लपर्णी

जी२८ ए हे ऑक्सिडीकारक द्रावण आहे. त्यात जास्त क्रोमियमवाला जिंकणारच. हेच दोघे अपचायक हायड्रोक्लोरिकमध्ये ठेवा, पारडं फिरतं. तिथे १६ टक्के मोलिब्डेनमवाला पुढे. २३ क्रोमियम आणि १६ मोलिब्डेनम एकत्र ठेवणारे अलॉय ५९ (एन०६०५९) आणि थोडं तांबं घातलेला सी-२००० हे दोन्ही बाजू सांभाळायचा प्रयत्न करतात. बहुउद्देशीय रिअ‍ॅक्टरमध्ये, जिथे आज एक बॅच आणि उद्या दुसरी, तिथे त्यांचा विचार करावा. एकच प्रक्रिया वर्षानुवर्षं चालणार असेल तर त्याच द्रावणात कूपन (धातूचा नमुना तुकडा) लटकवून ठरवा.

आणि निव्वळ नायट्रिक असेल तर दोघांनाही विसरा. उकळत्या ६५ टक्के नायट्रिकमध्ये सी-२७६ वर्षाला कित्येक मिलिमीटर जातो, आणि साधा ३०४एल निवांत उभा असतो. महाग म्हणजे सर्वत्र चांगलं, या समजुतीला एवढं एक उदाहरण पुरे.

---

टिग_टॉर्च

वेल्डिंगवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. प्लेट कितीही उत्तम असो, भांडं गळतं ते जोडावर.

तयारी. जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिमी, शक्यतो ५० मिमी, उघडा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा आणि अ‍ॅसिटोनने पुसा. मार्करचा खडू, कटिंग ऑइल, तापमान दाखवणाऱ्या कांड्या, रंग, ग्रीस या सगळ्यांत गंधक, शिसं, जस्त किंवा फॉस्फरस असू शकतं. निकेल आणि निकेल सल्फाइड यांचं मिश्रण सुमारे ६४० अंशांनाच वितळतं. म्हणजे वेल्ड गोठत असताना कणांच्या मधोमध द्रव पापुद्रा उरतो आणि आकुंचनाने तिथेच तडा. ग्राइंडिंग चाक आणि स्टेनलेस तारांचा ब्रश या कामापुरता वेगळा ठेवायचा. पोलादावर फिरवलेलं चाक इथे आणायचं नाही.

जोड. या धातूचं वितळलेलं डबकं मधासारखं दाट, स्वतःहून पसरत नाही, आणि खोलवर शिरतही नाही. करंट वाढवून ते पातळ करायचा मोह होतो, तो टाळा. त्याऐवजी जागा मोकळी द्या. ६ मिमी प्लेटला एकेरी व्ही, दोन्ही बाजू मिळून कोन ७० अंश (स्टेनलेसला ६० पुरतो), रूट गॅप (तळाशी दोन कडांमधली फट) २ मिमी, रूट फेस (तळाची न उतरवलेली कड) १ ते १.५ मिमी. टॉर्चने डबकं ढकलून दोन्ही भिंतींवर नीट चढवावं लागतं, नाहीतर बाजूला फ्यूजन अर्धवट राहतं.

फिलर (जोडात वितळवायची तार) ईआरएनआयसीआरएमओ-४, २.४ मिमी. डीसी, इलेक्ट्रोड ऋण, शुद्ध आर्गॉन, मोठा कप आणि गॅस लेन्स. फिलरचं तापलेलं टोक आर्गॉनच्या छत्राबाहेर काढू नका. काढलंत तर काळं पडलेलं टोक कापून मग पुढे.

उष्णता. प्री-हीट नाही, फक्त दव असेल तर घालवायचं. दोन पासमधलं (वेल्डच्या दोन थरांमधलं) तापमान ९३ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. हीट इनपुट साधारण १ किलोज्यूल/मिमीच्या आत ठेवायचा प्रघात आहे. हिशेब करून पाहा: ११ व्होल्ट, ११० अँपिअर, वेग मिनिटाला १०० मिमी. ११ × ११० × ६० ÷ १०० म्हणजे ७२६ ज्यूल/मिमी, छान. तोच करंट ठेवून टॉर्च डावी-उजवी हलवत वेग ४० मिमीवर आला, की १८१५ ज्यूल/मिमी. वीव्हिंग नको आणि सरळ अरुंद स्ट्रिंगर बीडच हवी, असं सांगतात ते याचसाठी.

शेवट. आर्क तोडताना खड्डा भरून, करंट हळूहळू उतरवत तोडा. अर्धवट भरलेल्या खड्ड्यात चांदणीच्या आकाराचा तडा हमखास. पुढचा पास त्यावर घालण्याआधी तो ग्राइंड करून काढा, वरून वितळवून तो मिटत नाही.

---

प्रश्नांकित

पाइपला आतून पर्ज (हवा हटवायला आर्गॉन) किती वेळ द्यायचा? आणि ऑक्सिजन मोजायचा तर मर्यादा काय?

---

टिग_टॉर्च

बंद केलेल्या भागाच्या आकारमानाच्या पाच-सहा पट आर्गॉन जायला हवा. ४ इंची पाइपमध्ये दोन अडसरांमधलं अंतर १ मीटर धरलं तर आकारमान सुमारे ८ लिटर, म्हणजे ५० लिटर गॅस. मिनिटाला १० लिटरने पाच मिनिटं. आर्गॉन हवेपेक्षा जड, म्हणून आत सोडायचा खालून आणि बाहेरचं भोक वरती. वेल्ड सुरू करताना प्रवाह कमी करा, नाहीतर आतल्या दाबाने रूट बाहेर फुगतो. साध्या प्रक्रियेच्या पाइपला ऑक्सिजन १०० पीपीएमखाली पुरे, औषधनिर्मितीच्या नळीला ५० पीपीएमखाली मागतात. रूटवर फिकट सोनेरी छटा चालते. निळा-जांभळा आला तर तो थर काढून टाका, त्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं.

---

निरीक्षक४३

टिग_टॉर्च यांना +१. एक भर घालतो: वेल्ड मेटल हे प्लेटइतकं एकसंध नसतं. गोठताना आधी तयार होणाऱ्या डेंड्राइटच्या (फांद्यांसारख्या स्फटिकांच्या) गाभ्यात मोलिब्डेनम कमी आणि फटींमध्ये जास्त साचतं. त्या गाभ्याला गंज आधी लागतो. म्हणून माध्यम फारच तिखट असेल तर सी-२७६ च्या जोडाला ईआरएनआयसीआरएमओ-१३ (अलॉय ५९) किंवा -१४ (अलॉय ६८६) असा वरचढ फिलर वापरतात. सी-२७६ ला ३१६एल जोडायचा असेल तर फिलर -४ किंवा -१०, कधीच ३०९एल (स्टेनलेसचा फिलर) नाही.

चाचणीबद्दल. कूपनची झीज काढायचं सूत्र: मिमी/वर्ष = ८७६०० × घट (ग्रॅम) ÷ (क्षेत्रफळ चौसेमीत × तास × घनता). ५० × २५ × ३ मिमीच्या कूपनचं क्षेत्रफळ २९.५ चौसेमी. जी२८ ए मध्ये सी-२७६ २४ तास उकळतो. त्यात ०.४३ ग्रॅम घट आली तर सुमारे ६ मिमी/वर्ष, म्हणजे तब्येत ठीक. हा आकडा पाहून माल नाकारणारे भेटतात. ती चाचणी मुद्दाम इतकी कडक आहे, भांड्याचं आयुष्य ती सांगत नाही. मालावर भट्टीची प्रक्रिया नीट झाली की नाही, एवढंच सांगते. ६२५ ला हीच चाचणी १२० तास, त्यामुळे घटीचे ग्रॅम एकमेकांशी ताडू नका.

वेल्ड असलेल्या कूपनची सरासरी काढून थांबू नका. वेल्डशेजारी अर्धा मिलिमीटर रुंद चर पडला तरी एकूण वजनात तो दिसत नाही. कूपन आडवं कापून, पॉलिश करून, भिंगाखाली पाहायचं.

---

झडप

एका जागी सी-२७६ जवळपास सवयीने निवडला जातो आणि तिथेच नियम बदलतात: प्रेशर ट्रान्समीटरचा (दाबमापकाचा) डायफ्रॅम, म्हणजे दाब झेलणारा पातळ पत्रा. ६ मिमीच्या भांड्याला वर्षाला ०.१ मिमी झीज म्हणजे दशकांचा प्रवास. डायफ्रॅमची एकूण जाडीच ०.०५ ते ०.१ मिमी. ‘उत्तम’ म्हणून कोष्टकात हिरवा रंग दिलेली झीज इथे वर्षाच्या आत भोक पाडते. डायफ्रॅमला कोष्टकातला ‘उत्तम’ पुरत नाही, झीज मोजण्यापलीकडे कमी हवी.

दुसरा घोळ हायड्रोजनचा. गंजताना किंवा शेजारच्या कमी प्रतीच्या धातूशी विद्युत जोड झाल्यावर पृष्ठभागावर अणुरूप हायड्रोजन तयार होतो. तो पातळ पत्र्यातून आरपार जाऊन त्यामागे भरलेल्या तेलात साठतो. तेथे बुडबुडा होतो, मापनाचं शून्य सरकतं, पत्रा बाहेर फुगतो. वर गंजाचा डागही नसतो, त्यामुळे दोष इलेक्ट्रॉनिक्सवर ढकलला जातो. उपाय म्हणजे डायफ्रॅमवर सोन्याचा मुलामा. सोन्यातून हायड्रोजन फार सावकाश जातो.

मॅग्नेटिक ड्राइव्ह (चुंबकाने फिरणाऱ्या) पंपाच्या कॅनलाही, म्हणजे द्रव कोंडून ठेवणाऱ्या आवरणालाही, हाच धातू असतो, पण कारण निराळं. फिरत्या चुंबकामुळे धातूच्या कॅनमध्ये भोवरा प्रवाह तयार होऊन ऊर्जा वाया जाते आणि द्रव तापतो. सी-२७६ चा विद्युत रोध सुमारे १.३ मायक्रोओम-मीटर, ३१६एल चा ०.७४. रोध जास्त, तोटा कमी. शिवाय बळकट असल्याने कॅन पातळ करता येतो. तरीही पंप कोरडा चालवला तर कॅन पाहता पाहता लालबुंद तापतो, हे धातूने सुटणारं दुखणं नाही.

---

चिप_आणि_टूल

मशिनिंगवाल्यांसाठी थोडक्यात. हा धातू कापता कापता कडक होतो. टूल जागच्या जागी घासत राहिलं की तिथे कडक कातडी तयार होते आणि पुढचा कट तिच्यातून घ्यावा लागतो. म्हणून फीड थांबवायचा नाही, डेप्थ अशी हवी की टोक मागच्या कटच्या कडक थराखाली जाईल.

कार्बाइड, पॉझिटिव्ह रेक, मजबूत धार. रफिंग मिनिटाला २५ ते ३० मीटर, फीड ०.२५ मिमी/फेरा, डेप्थ ३ ते ४ मिमी. फिनिशिंग जवळपास त्याच वेगाने किंवा जरा वर, फीड ०.१२ ते ०.१८, डेप्थ १ मिमी. स्टेनलेसच्या सवयीने वेग दुप्पट केला तर उष्णता चिपमधून निघून जात नाही (वाहकता १० आहे, वर लिहिलंय) आणि ती टूलच्या टोकात साठते. डेप्थच्या रेषेवर खाच पडून इन्सर्ट तुटतो.

ड्रिल कोबाल्ट एचएसएस, मिनिटाला ३ ते ५ मीटर. १० मिमी ड्रिलला सुमारे १२५ आरपीएम, एवढं सावकाश. थांबत थांबत टोचणं नको, एकसारखा दाब. टॅपिंगला भोक थोडं मोठं घेऊन ६० ते ६५ टक्के आटेच काढा. पूर्ण आटे काढायला गेलात तर टॅप आत तुटून बसेल आणि तो ईडीएमनेच (विजेच्या ठिणग्यांनी कापूनच) निघेल. गंधक किंवा क्लोरीनयुक्त कटिंग ऑइल वापरायला हरकत नाही, पण वेल्ड किंवा भट्टीआधी त्याचा लवलेश उरता कामा नये.

---

प्रश्नांकित

औष्णिक वीज केंद्रातल्या धुरातलं गंधक काढणाऱ्या यंत्रणेत याचे पत्रे ‘वॉलपेपर’सारखे लावतात म्हणे. ते कसं?

---

धातुकोश

तिथे धूर ओला होऊन थंडावतो, भिंतीवर आम्लाचे थेंब जमतात. गाळाखाली पीएच १-२ पर्यंत उतरतो आणि पाणी फिरवत राहिल्यामुळे क्लोराइड दहा हजारांच्या पटीत पीपीएमवर जातं. ३१६एल तिथे काही महिन्यांत चाळणी होतो. अख्खं भांडं सी-२७६ चं परवडत नाही, म्हणून पोलादी भिंतीवर १.६ मिमीचे पत्रे.

यातली सगळी अक्कल लोखंडाला वेल्डमध्ये येऊ न देण्यात आहे. पहिल्या पत्र्याची कड पोलादाला तुटक टाके मारून धरतात. दुसरा पत्रा तिच्यावर २५ ते ५० मिमी चढवतात आणि सलग सील वेल्ड पत्र्यावर पत्रा असा करतात, पत्रा ते पोलाद असा नाही. त्यामुळे माध्यमाला दिसणाऱ्या वेल्डमध्ये पोलाद मिसळत नाही. पत्र्याचा मधला भाग फडफडू नये म्हणून स्पॉट वेल्ड मारतात. त्या स्पॉटमध्ये खालचं पोलाद वितळून येतंच, म्हणून प्रत्येक स्पॉटवर सी-२७६ ची गोल टिकली ठेवून तिच्या परिघाला सील वेल्ड. शेवटी साबणाचं पाणी लावून व्हॅक्यूम बॉक्सने प्रत्येक शिवण तपासायची. एक भोक राहिलं तरी आम्ल पत्र्यामागे पसरतं आणि पोलाद आतून खाऊन टाकतं. गळती बाहेर दिसते ती जागा मूळ भोकापासून मीटरभर लांबही असू शकते, त्यामुळे दुरुस्तीवाले चुकीच्या जागी पत्रा कापत बसतात.

---

निरीक्षक४३

कास्टिंगचा विषय राहू नये. पंपाच्या कोटेशनवर ‘हॅस्टेलॉय सी’ असेल तर पंपाची केसिंग कास्टिंगची असते आणि तिला एएसटीएम ए४९४ लागू होतं. त्यात सीडब्ल्यू-१२एमडब्ल्यू हा जुना ग्रेड अजून टिकून आहे, कार्बन ०.१२ टक्क्यांपर्यंत चालतो. म्हणजे १९३० च्या दशकातलं दुखणं पुन्हा दारात. त्याऐवजी सीडब्ल्यू-२एम मागा, कार्बन कमाल ०.०२. सी-२२ च्या जोडीचा कास्टिंग ग्रेड सीएक्स२एमडब्ल्यू, ६२५ चा सीडब्ल्यू६एमसी. सीडब्ल्यू-२एम ला किमान ११७५ अंशांवर सोल्यूशन अ‍ॅनील करून (जमलेले घटक पुन्हा विरघळेपर्यंत तापवून) लगेच थंड करायचं, आणि वेल्डने मोठी दुरुस्ती केली असेल तर ते पुन्हा करायचं. भट्टीचा आलेख मागून घ्या, नुसतं ‘अ‍ॅनील केले’ हे शब्द नको.

पीएमआयची (जागेवरच धातू ओळखायच्या तपासणीची) मर्यादाही लक्षात ठेवा. हातातली एक्सआरएफ (क्ष-किरणांची) बंदूक सी-२७६ आणि सी-२२ यांतला फरक क्रोमियमवरून झटक्यात सांगते (१५-१६ की २१), पण कार्बन तिला दिसतच नाही. कास्टिंगचा कार्बन तपासायचा तर स्पार्क ओईएस (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक ओळखणारं यंत्र) किंवा प्रयोगशाळेतली ज्वलन पद्धत.

---

दुसरी_बाजू

तापमानाची वरची मर्यादा कुणी लिहिली नाही. एएसएमई सेक्शन आठमध्ये (दाबपात्रांच्या अमेरिकी संहितेत) एन१०२७६ ला ६७६ अंशांपर्यंत ताणाची मूल्यं दिली आहेत, म्हणून काहीजण याला भट्टीचा धातू समजतात. ६५० ते १०९० अंशांच्या पट्ट्यात तासनतास राहिला की म्यू फेज आणि कार्बाइड जमून तो ठिसूळही होतो आणि गंजरोधही गमावतो. ११२१ अंशांवर अ‍ॅनील करताना पातळ भागाला जोरदार हवा, जाड भागाला सरळ पाणी. या पट्ट्यातून खाली उतरायला वेळ लागता कामा नये.

---

प्रश्नांकित

शेवटचा प्रश्न: क्लोरीन वायूला हा धातू की टायटॅनियम?

---

आम्लपर्णी

ओल्या क्लोरीनला टायटॅनियम उत्तम. कोरड्या क्लोरीनमध्ये टायटॅनियम पेट घेतं, अक्षरशः जळतं. त्याला टिकायला वायूत थोडं पाणी असावंच लागतं. सी-२७६ कोरड्यात बिनधास्त, ओल्यातही बऱ्यापैकी. म्हणून ड्रायरच्या आधी टायटॅनियम आणि नंतर नाही. जिथे वायू कधी ओला कधी कोरडा होतो, उदाहरणार्थ ड्रायरच्या तोंडाशी किंवा प्लँट सुरू-बंद करताना, तिथले झडपांचे ट्रिम (आतले भाग) आणि थर्मोवेल (तापमापकाचं संरक्षक आवरण) सी-२७६ चे घ्या. फ्लोराइड आला की टायटॅनियम, झिर्कोनियम, टँटलम तिघंही बाद. हायड्रोफ्लोरिक आम्लाला ऑक्सिजन नसेल तर मोनेल ४०० (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) हा जुना आणि चांगला पर्याय; हवा शिरली की ओल्या वाफेत तोही ताणाखाली तडकतो, आणि अशा जागी सी-२७६ ची झीज थोडी जास्त असली तरी तो स्वीकारतात.